एक रात्र

ओरेस्ट पावलिकचा पिकअप तिसऱ्यांदा आला
तेव्हा कामसॅकमध्ये उणे चौतीस होतं.
डॅशबोर्डवर तोच पिवळा दिवा.
गॅरेजच्या उबेत तासभर ठेवला, मोजलं,
तर सगळं ठीक.
दवाखान्याची पायरी चढली की
पोराचा ताप उतरावा, तसं.

यॉर्कटनच्या डीलरने कागद दिला होता:
फिल्टर बदला. बेचाळीसशे डॉलर, कर वेगळा.
शेजाऱ्याने फुकट सल्ला दिला होता:
कापून टाक, सरळ पाइप घाल, कटकट नको.
ओरेस्टने दोन्ही ऐकलं
आणि टोपी हातात घेऊन माझ्याकडे आला.
"लव्हर्न, तू काय म्हणतेस?"

मी काहीच म्हणत नव्हते अजून.

फिल्टर म्हणजे धुराड्याच्या पोटातलं
एक दगडी पोळं.
काजळी धरून ठेवतं, फार साठली की
तापून तिची राख करतं.
त्याच्या अलीकडून एक नळी निघते, पलीकडून एक,
आणि दोघींच्या टोकाशी काडेपेटीएवढा सेन्सर.
इकडचा दाब वजा तिकडचा दाब,
एवढी एकच वजाबाकी त्याला येते.

"सेन्सर खोटं बोलतोय," रोडेल म्हणाला.
रोडेल इलोइलोचा. त्याच्या गावी बर्फ
फक्त हालो-हालोच्या पेल्यात असतो.
म्हटलं, इंजिन बंदच ठेव, नुसती किल्ली फिरव. वाच.
शून्य.
आता चालू कर, अडीच हजारावर ने.
आकडा चढला. पाय काढला, उतरला,
जिना चढून आलेल्याच्या छातीसारखा.
पाच व्होल्ट पोचतात? पोचतात.
अर्थिंग? नीट.
मग खोटं कोण बोलतंय?

बाहेर काढ गाडी, म्हटलं. रात्रभर राहू दे.
रोडेलने माझ्याकडे असं पाहिलं
की जणू आजाऱ्याला अंगणात निजवायला सांगितलं.

सकाळी साडेसहा. उजाडायला अजून दोन तास.
रोडेलच्या पापण्यांवर पांढरं धरलेलं,
लॅपटॉप जाकिटाच्या आत, पोटाशी,
नाहीतर त्याचीही बॅटरी मरते.
अडीच हजार.
शून्य.
तीन हजार.
शून्य.
इंजिन गरजतंय आणि आकडा हलत नाही.

मी पुठ्ठा टाकून खाली सरपटले.
टॉर्च दातांत.
अलीकडची नळी फिल्टरपासून सेन्सरपर्यंत
सतत चढत जायला हवी, म्हणजे
धुरातली वाफ पाणी होऊन आली तशी परत जाते.
इथे क्लिप तुटलेली.
नळी मध्येच झोळीसारखी लोंबत होती,
गवताच्या गठ्ठ्यांच्या निळ्या दोरीने बांधलेली.
सोडवून वाकवली: आत काहीतरी करकरलं.
हातमोज्यावर आपटली तेव्हा बाहेर पडला
करंगळीएवढा बर्फ, करडा,
मधोमध काजळीची एक बारीक रेघ.

रोडेलने तो उचलून उजेडात धरला.
बराच वेळ धरला.
मी मनात डीलरचा कागद घडी घालत होते:
चोर सोडून संन्याशाला फाशी.

ती गाठही मी ओळखली.
मागच्या मे महिन्यात ओरेस्टच्या वासरांच्या फाटकावर
तीच गाठ सोडवताना माझं नख निघालं होतं.
"ही कुणी बांधली?" मी दुपारी विचारलं.
ओरेस्ट खिडकीतून धान्याच्या कोठाराकडे बघत राहिला.
"वारा फार आहे आज," म्हणाला.
वारा अजिबात नव्हता.

नवी नळी, नवी क्लिप, उतार नीट.
बिल रोडेलने लिहिलं, ठळक अक्षरात:
नळी, अठरा डॉलर.
क्लिप, चार.
मजुरी, चाळीस मिनिटं.
आणि खाली, मला न विचारता:
रात्र, एक.
पुढचा रकाना कोरा.

ओरेस्टने चष्मा लावला, तिथे बोट ठेवलं.
"याचं काय लावलंस?"
रोडेल माझ्याकडे बघू लागला, मी रोडेलकडे.

शेवटी ओरेस्टच गाडीकडे गेला,
सीटमागून बीटच्या लोणच्याची बरणी घेऊन आला,
काउंटरवर ठेवली.
गोठली होती. झाकण फुगून वर आलेलं.
"उबेत ठेवा," म्हणाला, "तासाभरात ठीक होईल,"
आणि मग आपलं आपणच ऐकून
हसायला लागला.